गुडघा वाकताना

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास मी तिला कडेवर घेऊन पडले.

स्वयंपाकघरातून ओसरीवर येताना मध्ये एक उंबरा होता, चार बोटं उंच. मी तो सारखा ओलांडत असे. माझा उजवा पाय मांडीच्या मध्यापासून खाली नाही. त्या जागी तेव्हा एका शिबिरात मिळालेला कृत्रिम पाय होता आणि त्याला बिजागरीसारखा साधा गुडघा. अशा गुडघ्याबरोबर राहायचं तर एक गोष्ट अंगात भिनवावी लागते. टाच टेकताना पाय पूर्ण सरळ हवा. मांडी मागे रेटून आधी तो सरळ करायचा, मग त्यावर वजन टाकायचं. जराशा वाकलेल्या गुडघ्यावर वजन पडलं की तो धरत नाही, सरळ मिटतो. त्या दिवशी उंबऱ्याला पायाचा चवडा अडला, गुडघा वाकलेलाच राहिला आणि मी त्यावर भार टाकला.

पडताना कशी कोण जाणे, मी अंग फिरवलं. पाठ आणि कोपर फरशीवर आपटलं आणि मुलगी माझ्या छातीवर राहिली. ती लगेच रडली नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि हाताला रक्त लागतंय का ते बघत होते. मग तिनं तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला, की मला श्वास घेता आला.

सासूबाई अंगणातून धावत आल्या. त्यांना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो. त्यांनी मुलीला उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"लागलं काय तिले?"

"नाई."

"अन् तुले?"

मी हात पदराखाली घेतला. माझं कोपर सुजायला लागलं होतं.

"बापा, लेकरू गेलं असतं नं आज," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी मुलीला पोटाशी घट्ट धरलं होतं.

त्यानंतर मला कुणी काही बजावलं नाही. पण मी मुलीला मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि उठण्यासाठी खाटेला हात टेकला की कुठून तरी एक हात यायचा आणि तिला उचलून न्यायचा. कधी आत्याबाईंचा, कधी नवऱ्याचा, कधी शेजारणीचासुद्धा. पुढे पुढे मीच हाक मारू लागले, "हिले घ्या कोनी, मी उठून राहिली." मुलगी वर्षाची झाली तोवर तिला सगळं कळून चुकलं होतं. उभं असलेलं कुणीही दिसलं की ती दोन्ही हात वर करायची. मी उभी असले की करायची नाही. माझं बोट धरून मला खाटेकडे ओढायची आणि म्हणायची, "बस." मी बसले की मग हात वर.

पाय गेला तेव्हा जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळं झालं होतं आणि घरी आलेला प्रत्येक जण कोणतं गाव कुठं गेलं यावरच बोलायचा. माझं माहेर सिहोऱ्याचं, धानाची शेती. मी तुमसरला कॉलेजात होते. मामा चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होते. त्यांच्या कॉलनीतल्या घरून मी मामेभावाच्या मोटारसायकलवर परत येत होते. ट्रकमधून सांडलेले काळे बारीक खडे वळणावर पसरलेले असायचे. गाडी त्यांवरून घसरली. भाऊ एका बाजूला पडला, मी दुसऱ्या, आणि मागून ट्रक येत होता. भावाला खरचटण्यावर निभावलं. माझा पाय नागपूरला मांडीपासून काढावा लागला. त्या दिवसाचं एवढंच सांगते. बाकीचं फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते मला लिहायचं नाही.

माझं लग्न होईल असं माझ्या मायलाही वाटत नव्हतं. मग साकोली तालुक्यातून, एकोडीच्या पलीकडच्या एका लहान गावातून स्थळ आलं. मुलगा शेती करणारा, कमी बोलणारा. बघायला आला तेव्हा त्यानं माझ्या पायाकडे सरळ पाहिलं. असं सहसा कुणी करत नाही. लोक भिंतीकडे बघतात.

"झोपताना काढून ठेवा लागते काय?" त्यानं विचारलं.

"हाव."

"दुखते?"

"कधी कधी."

एवढ्यावर तो उठला आणि बाहेर जाऊन त्यानं आपल्या वडिलांना हो म्हणून सांगितलं.

सासरी मला शेतात जाता येत नव्हतं. चिखलात पाय रुतला की ओढून काढताना गुडघा मिटायचा. मी घरी शिलाई मशीन घेतली, गावातल्या बायांचे ब्लाउज शिवू लागले. काम बसूनच होतं. भीती उभं राहिल्यावर सुरू व्हायची. सारवलेलं अंगण अजून ओलं आहे का, माठाखाली पाणी सांडलंय का, गल्लीतून एखादी बकरी तर धावत येत नाही ना. गावातली माणसं मी चेहऱ्याआधी चपलांवरून ओळखायची, कारण चालताना मी मान वर करतच नसे.  लग्नकार्यात, बाजारात, एसटीच्या पायरीवर, मागून कुणाचा नुसता खांदा लागला तरी मी हाताला येईल ते धरून उभी राहायची. मुलगी झाल्यावर तर माझ्या भीतीला दोन जीव झाले. तिला घेऊन पडल्यावर मी झोपेतही पडायला लागले. दचकून जागी व्हायचे ती हाताखाली तिचं डोकं शोधतच.

अपघाताचा दावा कोर्टात इतकी वर्षं रेंगाळला होता, की आम्ही तो जवळजवळ विसरलो होतो. मुलगी दीडेक वर्षाची असताना त्याचा निकाल लागला. नवऱ्यानं कुठून तरी ऐकून ठेवलं होतं, की नागपूरला संगणकावर चालणारा गुडघा बसवतात.

"पायावर कायले लावता ते पैसे?" मी म्हणाले. "पोरीच्या नावानं टाका."

"पोरीच्याच नावानं टाकून राहिलो," तो म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

नागपूरच्या त्या केंद्रात पाय बसवणाऱ्या एक तज्ज्ञ बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी गुडघा माझ्या हातात दिला. काळा, गुळगुळीत, हाताला चांगला जड. आत तेलाची नळी आहे आणि एक छोटा संगणक, त्या सांगत होत्या. पाय कितपत वाकलाय, वजन कुठे पडतंय हे तो सारखा मोजत असतो आणि त्याप्रमाणे घट्ट होतो किंवा सैल सोडतो.

"अन् त्याचं मोजनं चुकलं तर?" मी विचारलं.

मला वाटलं त्या हसून टाळतील. त्या म्हणाल्या, "चुकू शकतो, ताई. पण तुमचा आताचा गुडघा तर मोजतच नाही."

त्यांनी मला दोन लोखंडी दांड्यांच्या मधे उभं केलं. "आता पाय थोडा वाकवा," त्या म्हणाल्या, "आणि त्या वाकलेल्या पायावर वजन टाका."

मला ते जमेना. म्हणजे माझ्या मनानं ठरवलं तरी अंग ऐकेना. इतकी वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट शिकवली होती, की वाकलेल्या पायावर वजन टाकायचं नाही. आणि ही बाई नेमकं तेच करायला सांगत होती. घामानं ओला झालेला माझा तळहात दांडीवरून घसरत होता. मी मांडी मागे रेटायची, पाय सरळ करायची आणि त्यांच्याकडे बघायची. त्या पुन्हा म्हणायच्या, "नाही, वाकवा." बाकावर बसलेला नवरा उठून उभा राहिला होता आणि त्याचे दोन्ही हात नकळत पुढे आले होते. माझ्या डोळ्यांसमोर उंबरा होता. फरशी होती. पडल्यावर लगेच न रडलेली मुलगी होती.

शेवटी बहुधा दमल्यामुळेच मी सोडून दिलं. डोळे मिटले आणि वजन टाकलं.

गुडघा मिटला नाही. तो मला घेऊन हळूहळू खाली गेला, एखाद्या आजारी माणसाला काखेत हात घालून खाली बसवतात तसा. मला खरंच वाटलं की मागून कुणीतरी मला धरलंय. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मला रडू फुटलं. त्या बाईंना वाटलं आनंदानं रडते आहे. पण मी घाबरले होते. एक वस्तू माझ्या अंगाला लागलेली होती आणि ती आपल्या मनानं ठरवत होती की मला केव्हा धरायचं. जुना गुडघा मूर्ख होता, पण तो काय करील हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढचे काही दिवस आम्ही नागपुरात एका नातेवाइकाकडे राहिलो आणि मी रोज तिथे जात राहिले. उतारावर चालायला शिकले. एकेक पाय एकेका पायरीवर टाकत जिना उतरायला शिकले. जिन्यावर प्रत्येक वेळी मी कठडा गच्च धरायची आणि प्रत्येक वेळी गुडघा मला खालच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. निघताना बाईंनी बजावलं, रोज चार्ज करायचा. चार्जिंग संपत आलं की तो थरथरेल. पूर्ण संपलं की कोसळणार नाही, पण वाकणारही नाही, काठीसारखा ताठ होईल. आणि पाण्यात, चिखलात न्यायचा नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. पावसाळ्यात आमच्या गावात वीज किती असते आणि पाणी किती, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

घरी आल्यावर झोपताना पाय खाटेशेजारी उभा राहायचा आणि त्याच्या मांडीतून वायर भिंतीपर्यंत जायची. वीज गेली की चार्जरचा हिरवा ठिपका विझायचा आणि माझी झोप उडायची. मुलीला मात्र या सगळ्याची गंमत वाटायची. कुणी घरी आलं की ती बोट दाखवून सांगायची, "आईचा पाय जेवून राहिला."

उन्हाळ्यात मांडीवरच्या रबरी मोज्यात घाम साचायचा, कातडी सोलवटायची. खाली मांडी घालून बसणं तेव्हाही जमत नव्हतं आणि आताही जमत नाही. पण अंगण मी मान वर करून ओलांडायला लागले. आत्याबाईंनी एकदा विचारलं, "तू उंच झाली काय वो?"

मुलीला उचलायचं धाडस मात्र होत नव्हतं. मी दार लावून घ्यायची आणि तांदळाची पिशवी कडेवर घेऊन खोलीत फिरायची. साधारण मुलीच्या वजनाएवढे तांदूळ भरलेले असायचे. वळायचं, थांबायचं, वाकायचं, उंबरा ओलांडायचा. कुणी दार वाजवलं की पिशवी पटकन खाली ठेवायची. किती दिवस हे केलं ते मोजलं नाही; आत्याबाईंनी एकदा विचारलंही, की तांदूळ सारखे या खोलीत कायले येतात.

मग एका दुपारी त्या अंगणात सुपानं धान पाखडत होत्या. मी तिथेच खाटेवर मुलीला घेऊन बसले होते. मी एक हात खाटेला टेकला आणि तिच्यासकट उभी राहिले. त्यांचा हात लगेच पुढे आला.

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी सूप खाली टाकलं आणि दोन्ही हात हवेत धरून माझ्या शेजारून चालू लागल्या. मी तुळशीपर्यंत गेले आणि परत आले.  मुलीनं माझ्या मानेला मिठी घातली होती आणि तिथून, त्या उंचीवरून ती जमिनीकडे बघत होती. खाटेवर बसले तेव्हा माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ येत होते. दुसऱ्या दिवशी मी गॅसपाशी उभी असताना ती आली आणि तिनं हात वर केले. मी गॅस बंद केला, आधी आत्याबाईंना हाक मारली आणि मग तिला उचललं. त्यापुढे कितीतरी दिवस हाच नियम होता. घरातच, कोरड्या जमिनीवर, जवळ कुणीतरी असताना.

तो नियम मोडावा लागला तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि रोवण्याचे दिवस होते. धानाची रोपं बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, लावायच्या त्या दिवसांत आमचं गाव ओस पडतं. धडधाकट माणूस घरी राहत नाही. नवरा पहाटेच गेला होता, आत्याबाईही न्याहारीचं टोपलं घेऊन शेतात गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यापावसात कुठेतरी खांब पडला होता आणि तेव्हापासून वीज नव्हती. माझा फोन बंद पडला होता. सकाळी चहा ठेवताना गुडघा थरथरला. मांडीतून वर कमरेपर्यंत ती थरथर गेली. मी ठरवलं, आज मशीनपाशी बसून राहायचं, उगीच पाऊल टाकायचं नाही.

मुलीला सर्दी होती. उठली, दूध प्यायली आणि पुन्हा झोपली. मी एका ब्लाउजला हुक लावत होते. थोड्या वेळानं तिच्या श्वासाचा आवाज वेगळा वाटला म्हणून हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. मी पदर ओला करायला उठतेय तोवर तिचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. तोंडाच्या कोपऱ्यातून फेस आला.

मला वाटलं ती मरते आहे. असं लिहायला आता हात धजत नाही, पण तेव्हा मनात तेवढंच होतं. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते. झटके थांबले. ती लोळागोळा होऊन पडली. श्वास चालू होता, पण ती डोळे उघडत नव्हती.

मी दारात जाऊन हाका मारल्या. समोरच्या ओसरीवर एक म्हातारबा पडून असायचे, त्यांना ऐकू येत नव्हतं. दुसरं कुणी नव्हतं. आमच्या शेताकडची वाट नुसता चिखल होती. डांबरी सडक उलट्या बाजूला, गावतलावाच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, पलीकडे. तिथून गाडी मिळाली असती. जुना पाय घरात पडून होता, पण मांडीचा आकार बदलला होता; तो आता मला बसत नव्हता. जे होतं ते याच पायावर.

आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यानं मी तिला छातीशी घट्ट बांधलं, म्हणजे एक हात काठीला मोकळा राहिला. गाठ मारताना लक्षात आलं, की आता पुढे पडले तर ती माझ्याखाली येईल. अंग फिरवायलाही जमणार नाही. मी गाठ सोडली. पुन्हा बांधली. आणि निघाले.

सिमेंटचा रस्ता संपेपर्यंत ठीक होतं. पाऊस बारीक होता. पारीवर चढले तेव्हा गुडघा पुन्हा थरथरला. पार अरुंद, निसरडी. एका बाजूला काठोकाठ भरलेला तलाव, दुसऱ्या बाजूला खाली बांध्या. दूर कुठेतरी डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बाया वाकून रोवत होत्या. मी ओरडले, वाऱ्यानं आवाज उलटा माझ्याच तोंडावर आणला. मुलीचं गरम डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. मी बोलत होते, "थोडंसंच राहिलं, सोडजो नोको, थोडंसंच." तिच्याशी बोलत होते की गुडघ्याशी, कोण जाणे.

मध्यावर बेशरमीची झुडपं पारीवर आली होती. त्यांच्या मुळीत कृत्रिम पायाचा चवडा अडकला. पाय मागेच राहिला आणि मी पुढे झुकले. गुडघा वाकलेला होता आणि माझं सगळं वजन, तिचं सगळं वजन त्याच्यावर गेलं. पाणी डोळ्यांसमोर आलं. मी दोन्ही हात तिच्या डोक्याभोवती घेतले. काठी कुठे गेली कळलं नाही. मी पडायची वाट बघत होते.

पडले नाही. गुडघा त्या अर्ध्या वाकलेल्या स्थितीत घट्ट उभा होता आणि मला धरून होता. मी तशीच किती वेळ वाकून राहिले माहीत नाही.  मग हळूच डावा पाय पुढे टाकला, उजवा सोडवला, आणि पुन्हा चालायला लागले, काठीशिवाय.

थोडं अंतर गेले असेन. गुडघ्यानं एक लांब थरथर दिली आणि तो ताठ झाला. मी वाकवून बघितलं, नाही वाकला. आता तो पाय पुढे आणायचा म्हणजे कमरेतून बाहेरच्या बाजूनं कोयत्यासारखा फिरवून आणायचा. पारीवर तेवढी जागाच नव्हती. प्रत्येक पावलाला पाय पाण्यावरून फिरायचा आणि मला वाटायचं, या खेपेला टाच काठावर टेकणार नाही. मला थांबायचं होतं. खाली बसून कुणी येईपर्यंत नुसतं रडायचं होतं. तिचा श्वास गळ्याला लागत होता म्हणून चालत राहिले.

खालच्या बांधीतली एक बाई कंबर सरळ करायला उठली असावी. तिनं मला पाहिलं आणि हातातली रोपं टाकून ती धावत सुटली. ती पोचेपर्यंत मी सडकेवर आले होते आणि दुधाच्या कॅन नेणाऱ्या गाडीसमोर दोन्ही हात आडवे करून उभी होते.

"कुठं जाता वो बाई?" चालकानं डोकं बाहेर काढलं.

"साकोलीले. दवाखान्यात. पोरगी..." पुढे बोलता येईना.

ताठ पायामुळे पुढे बसता येत नव्हतं. त्या बाईनं, जिचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं, मला चिखलाच्या हातांनी कमरेला धरून मागे कॅनांच्या मधे चढवलं आणि स्वतःही चढली. "जोरात चालव गा भाऊ," ती ओरडली. वाटेत मुलीनं डोळे उघडले. कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, पानी."

ती बाई आणि मी, दोघीही रडायला लागलो.

डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, अंग ओल्या फडक्यानं पुसून काढायला सांगितलं. ताप एकदम चढला की लहान मुलांना असे झटके येतात, ते म्हणाले. दिसतं भयानक, पण बहुतेक मुलं पुढे ठणठणीत असतात. तरी त्यांनी तिला ठेवून घेतलं. नवरा आणि आत्याबाई आले ते चिखलानं माखलेले, तसेच. नवऱ्यानं आधी मुलीला पाहिलं. मग माझ्या ताठ पसरलेल्या पायाकडे.

"बंद पडला?"

"हाव."

"कुठं?"

"पारीवर."

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

आत्याबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचं लुगडं माझ्या खांद्यावरून अजून लोंबत होतं. ते त्यांनी काढून घेतलं, घडी घातली. मग विचारलं, "तुले भेव नाई लागला?"

"लागला," मी म्हणाले. "आताही लागून राहिला."

त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

गुडघ्यात पाणी गेलं होतं. तो नागपूरला दुरुस्तीला गेला आणि मी कुबड्यांवर आले. गावात लोक घरी येऊन सांगायचे, मोठी हिंमतीची बाई. मला ते ऐकवत नसे. मी कुबड्या घेऊन अंगणापर्यंतसुद्धा जात नव्हते. डोळा लागला की पाय पाण्यावरून फिरायचा आणि टाच टेकायचीच नाही. गुडघा दुरुस्त होऊन परत आला तेव्हाही तो घालून उभं राहायला मला फार दिवस लागले, आणि मुलीला उचलायला त्याहून जास्त. त्यानं मला पडू दिलं नव्हतं हे मला कळत होतं. तो ऐन वेळी बंद पडला होता हेही कळत होतं. दोन्ही खरं होतं आणि त्यातलं एक दुसऱ्याला खोडत नव्हतं. नवऱ्यानं कुणाला न विचारता घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून बसवला. त्यावर पंखा चालत नाही, टीव्ही चालत नाही. त्याला फक्त माझा पाय जोडलेला असतो.

मुलगी आता सायकलनं शाळेत जाते. पावसाळ्यात ती परत येईपर्यंत मी मशीनवर नीट टाके घालू शकत नाही. तिला तो दिवस आठवत नाही. कॅनचा आवाज आठवतो म्हणते, पण ते आमच्या सांगण्यावरूनही असेल.

आत्याबाई थकल्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून एकट्या पाऊल टाकत नाहीत. नवरा शेतात, मुलगी शाळेत, म्हणून सकाळी अंगणात फिरवणं माझ्याकडे आलं. त्या माझा दंड घट्ट पकडतात, इतका की वळ उठतात. त्यांना खाली बघत चालताना पाहिलं की मला कळतं, त्या काय काय बघताहेत ते. ओली जागा. विटेचा तुकडा. कोंबडी कुठल्या बाजूनं येतेय.

"तुहा पाय चार्ज आहे नं?" ओसरीच्या पायरीशी आलो की त्या रोज विचारतात.

"आहे, आत्याबाई."

"मंग चाल."

तरी त्या लगेच पाऊल टाकत नाहीत. मीही नाही. दोघी थोड्या थांबतो, दंडावरची त्यांची पकड आणखी आवळते, आणि मग मी उजवा गुडघा वाकवून त्यांच्यासकट खालच्या पायरीवर वजन सोडते.